शुश्रूषा केंद्रातली देखभाल: तुम्ही काय पाहिलंत?

इथे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं किंवा ऑपरेशनचं छोटं हॉस्पिटल नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरण झालेल्या, हाताला धरल्याशिवाय उठता न येणाऱ्या आपल्या माणसाला महिनोन्‌महिने, कधी शेवटपर्यंत जिथे ठेवावं लागतं, त्या केंद्रांबद्दल बोलायचं आहे. दोन ठिकाणं पाहिली असतील तर फरक कशात होता ते लिहा. नावं नकोत, तपशील हवेत.

सुरुवात मीच करते. पक्षाघातानंतर माझी आई अशा दोन केंद्रांत राहिली. पहिलं निवडताना मी फरशी पाहिली, खिडकीबाहेरची झाडं पाहिली, ऑफिसातल्या बाईंचं गोड बोलणं ऐकलं. आईला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. रात्री ती कोण बदलणार, हे विचारायचं मला सुचलंच नाही. सहाव्या आठवड्यात तिच्या माकडहाडावर रुपयाएवढी लाली दिसली. निरोगी कातडीवर बोट दाबून उचललं की ती क्षणभर फिकी पडते आणि मग रंग परत येतो. ही लाली दाबली तरी तशीच राहत होती. बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, ती पहिली पायरी, हे मला नंतर कळलं. तिथे सांगितलं तर म्हणाले, पावडर लावतो. पंधरा दिवसांत कातडी फुटली.

दुसऱ्या केंद्राच्या भिंतींचा रंग उडालेला होता. पण आत गेल्या गेल्या तिथल्या सिस्टरने आईला अंगावरच्या कपड्यांशिवाय डोक्यापासून टाचांपर्यंत तपासलं, जखम मोजली, लिहून ठेवली आणि माझी सही घेतली. हवेची गादी होती, तरीही दर दोन तासांनी कूस बदलायचे. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायचे, की टाचा गादीला टेकणारच नाहीत. जखम भरायला चार महिने लागले, पण भरली.

*

मी नऊ वर्षं अशाच एका केंद्रात सिस्टर होते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगते. आमच्याकडे रात्री तीस जणांना दोन मावशी असायच्या. जड माणसाची कूस बदलायला दोघी लागतात, म्हणजे तेवढा वेळ बाकीच्या खोल्यांकडे कुणीच नाही. मावशी वाईट नव्हत्या. कंबर मोडेपर्यंत राबायच्या.

कूस बदलल्याचा तक्ता पलंगाला लावलेला असला तरी तो वाचायला शिका. दहा, बारा, दोन, चार असे तंतोतंत आकडे, सगळे एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेले दिसले, तर तो पहाटे एकदम भरलाय असं समजा. खऱ्या तक्त्यात दहा वाजून वीस मिनिटं असतात, पावणेएक असतात, मध्येच 'नको म्हणाल्या' अशी नोंदही असते.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: आज रात्री ड्यूटीवर कोण आहे आणि ती इथे किती दिवसांपासून आहे? दर महिन्याला नवी मावशी येत असेल तर तिला आजी रोज किती पाणी पितात हेच माहीत नसतं. मग आज कमी प्यायल्या हे तिला कळणार कसं? म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते. लघवी गडद होते, माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागतं. ते ओळखायला त्याचं रोजचं वागणं माहीत असलेलं कुणीतरी लागतं.

*

कवळी आणि कानाचं यंत्र. एवढंच सांगायचंय मला. सासूबाईंच्या फाइलमध्ये सलग तीन आठवडे 'प्रतिसाद देत नाहीत' असं लिहिलेलं होतं. यंत्र खणात होतं आणि त्यातला सेल संपलेला होता.

*

माझ्या पत्नीला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता. पहिल्या केंद्रातून महिन्याभरात निरोप आला की आता त्या अगदी शांत झाल्या आहेत. भेटायला गेलो तर ती खुर्चीत एका बाजूला कलंडलेली, तोंडातून लाळ गळत होती. घास तोंडात तसाच राहायचा. औषधांची यादी मागितली, ती मिळायला चार दिवस लागले. तीव्र मनोविकारांसाठीचं (अँटिसायकोटिक) एक औषध रोज दोनदा चालू होतं. ते सुरू करताना मला कुणी विचारलंही नव्हतं. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2005 मध्येच दिला होता. कधी कधी ती द्यावी लागतात, हे मान्य आहे. पण आधी बाकीचं सगळं तपासून, कमीत कमी दिवसांसाठी आणि घरच्यांना सांगून.

दुसऱ्या ठिकाणी गेल्यावरही ती ओरडायची, चादर ओढायची. तिथल्या सिस्टरने आधी तिच्या पोटावर हात ठेवला. मग नोंदी पाहिल्या, तर पाच दिवस शौचाला झालेलं नव्हतं. त्यावर उपाय केला आणि त्या रात्री ती झोपली. दुखतंय हे तिला शब्दांत सांगता येत नव्हतं, ती ओरडून सांगत होती. पहिल्या केंद्रात ते कुणालाच ऐकू आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

*

माझा अनुभव थोडा उलटा आहे. माझे बाबा केंद्रात पडले, तरी मी केंद्र बदललं नाही.

त्याआधीच्या जागी ते एकदाही पडले नव्हते. तिथे ऑफिसात अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे कुणी पडत नाही. एकदा मी न कळवता दुपारी गेलो, तेव्हा कारण दिसलं. बाबांचं एक मनगट पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेलं होतं. "त्यांच्याच भल्यासाठी," असं मला सांगितलं. बांधून ठेवलेल्या माणसाच्या पायांतलं बळ जातं, सुटायच्या धडपडीत इजा होते, बेडसोर होतात. अमेरिकेत तर सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून बांधण्याविरुद्ध 1987 साली कायदाच झाला.

नव्या केंद्रात त्यांना रोज कठड्याला धरून चालवायचे. तिसऱ्या महिन्यात ते बाथरूमपाशी पडले. वीस मिनिटांत मला फोन आला. किती वाजता, कुठे, डोक्याला लागलं का, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे डॉक्टरांनी काय सांगितलं, सगळं त्या सिस्टरने सांगितलं. पुढे म्हणाली, "दादा, त्या वेळी माझं लक्ष दुसऱ्या पेशंटकडे होतं." दुसऱ्या दिवशी पलंग खाली घेतला होता आणि रात्री उठवून बाथरूमला न्यायची वेळ ठरवून टाकली होती. जी माणसं चूक लपवत नाहीत, त्यांच्या हाती बाबांना ठेवून मला झोप लागायची.

*

कागदावरची तुलना कितपत खरी मानायची, असा प्रश्न मला पडला होता. अमेरिकेत 2008 पासून अशा केंद्रांना सरकारतर्फे एक ते पाच तारे मिळतात. तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांची संख्या आणि देखभालीचे मोजमाप अशा तीन गोष्टी त्यात धरतात. पण त्या मोजमापातली बरीच माहिती केंद्रं स्वतःच भरून देतात. म्हणून मी तिथे माझ्या मावशीसाठी, आईच्या बहिणीसाठी, केंद्र शोधताना तारे पाहिले खरे, पण भर तपासणीच्या अहवालावर दिला, कारण ते तपासनीसांनी स्वतः पाहून लिहिलेलं असतं. जिथे असा अहवालच नसतो, तिथे निदान वजनाची वही मागा. महिन्यात वजन 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के उतरलं, तर ती धोक्याची खूण मानतात. माझ्या मावशीचं वजन तिच्या केंद्रात दर आठवड्याला लिहायचे. तिचं दीड किलो उतरलं तसं गिळण्याची तपासणी झाली, जेवण भरवायची पद्धत बदलली. ताठ बसवून, लहान घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

*

सगळ्यांचं वाचलं. मी कुणाची नातेवाईक नाही, मी स्वतः राहिलेय. खुब्याचं हाड मोडल्यावर तीन महिने, वयाच्या 76 व्या वर्षी.

बेल वाजवली की कितीदा उत्तर यायचं, "डायपर आहे ना आजी, त्यातच करा." मला लघवीची जाणीव होती, कुणाचा हात मिळाला असता तर मी दहा पावलं जाऊ शकत होते. दोन आठवड्यांनी मी बेल वाजवणं सोडून दिलं आणि पाणी पिणं कमी केलं. फाइलमध्ये लिहिलं गेलं, 'पेशंट सहकार्य करतात.' मुलगा भेटायला आला की मी सगळं छान आहे म्हणायचे. तो गेल्यावर त्याच माणसांच्या हाती राहायचं असतं. म्हणून तुमचं माणूस 'छान आहे' म्हणालं, तरी एकदा दार लोटून, एकांतात, घाई न करता पुन्हा विचारा.

तिथे एक मुलगी होती, फार तर बाविशीची. पाठ पुसायला आली की आधी दार लावायची, पडदा ओढायची, मग माझ्या डोळ्यांकडे बघून विचारायची, "आजी, चादर बाजूला करू?" मी हो म्हणेपर्यंत थांबायची. तिच्या ड्यूटीचे दिवस मी बोटांवर मोजून ठेवायचे.