बिशपस्टोनच्या उतारावरच्या पायऱ्या आणि शेजारचा उंचवटा: विल्टशायरमधल्या जमिनीच्या खुणा कशा वाचायच्या?

रानवाट (प्रश्न)

स्विंडनच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी बिशपस्टोन हे गाव आहे. गावामागच्या चॉकच्या (मऊ पांढऱ्या चुनखडीच्या) उतारावर एकाखाली एक अशा लांबच लांब मातीच्या पायऱ्या आहेत. इंग्रजीत त्यांना स्ट्रिप लिंचेट म्हणतात. स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती मोठी आहे. त्यांच्यासह इथल्या मराठी मंडळींसाठी या पायऱ्यांच्या परिसरातल्या पायवाटेची चार पानी माहितीपत्रिका तयार होते आहे. मसुदा काही ठिकाणी अडला आहे.

या पायऱ्या कुठे ‘प्रागैतिहासिक’ तर कुठे ‘मध्ययुगीन’ म्हणून दिलेल्या सापडतात. कोणतं धरायचं, आणि कशाच्या आधारावर? शिवाय लायडारच्या (विमानातून लेझरने केलेल्या जमिनीच्या मोजणीच्या) चित्रात याच पट्ट्यातल्या एका कुरणात गोल उंचवटा दिसतो, माथ्यावर खळगा आहे. हा बॅरो, म्हणजे कांस्ययुगातलं थडगं, असं छापण्याआधी काय काय तपासावं? आणि गावाचे जुने कागद कसे शोधायचे? चिपनमच्या हिस्टरी सेंटरच्या सूचीत ‘बिशपस्टोन’ टाकलं तर निघणाऱ्या नोंदींपैकी बऱ्याच या गावाशी जुळतच नाहीत.

बांधकरी

पायऱ्या मध्ययुगीन धरा. आधार आकाराचा आहे. प्रागैतिहासिक शेतं लहान आणि चौकोनी असतात, लांबी-रुंदीत फारसा फरक नसतो. हलक्या नांगराने आडवं-उभं नांगरत, त्याला असा तुकडा सोयीचा. ती बघायची तर मार्लबराच्या पश्चिमेला फायफील्ड डाउनवर जा. तिथे गवताखाली बांधांची जाळी स्पष्ट दिसते. ‘सेल्टिक फील्ड’ हे नाव चिकटलंय, पण त्यातली बरीच कांस्ययुगात आखलेली आणि काही रोमन काळापर्यंत कसलेली आहेत. तिथेच जमिनीवर विखुरलेले सार्सन दगड दिसतील. दुरून बसलेल्या मेंढरांसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘ग्रे वेदर्स’ म्हणतात. वेदर म्हणजे खच्ची केलेला मेंढा.

बिशपस्टोनच्या पायऱ्या मात्र अरुंद आणि लांबच लांब आहेत, समपातळीत उताराला आडव्या धावतात. जड नांगर आणि बैलांचा मोठा ताफा असेल तरच अशी पट्टी परवडते, कारण ताफा वळवण्यात वेळ जातो आणि नांगराची सरी जितकी लांब तितकं वळण कमी. आपल्याकडच्या आठबैली नांगराचं गणितही हेच. १२व्या-१३व्या शतकात लोकसंख्या वाढली, सपाट जमीन पुरेना, तेव्हा असे उतार नांगराखाली आले. १३४८च्या प्लेगनंतर कसणारे हात कमी झाले आणि पुष्कळ ठिकाणी अशी जमीन मेंढ्यांना चरायला सुटली. पायऱ्या टिकल्या त्या गवतामुळे.

या पायऱ्या सगळ्या हाताने खणून केल्या असं लिहू नका. वर्षानुवर्षं उताराला आडवं नांगरलं की माती खाली सरकते. पट्टीच्या खालच्या कडेला, न नांगरलेल्या बांधाशी ती साचून उंचवटा होतो आणि वरच्या कडेला जमीन झिजून खाच पडते. वरच्या पट्टीची साठण आणि खालच्या पट्टीची झीज मिळून पायरीची उभी बाजू उंच होत जाते. आपल्याकडे ताल घातलेल्या रानात तालीमागे माती भरत जाते, तसंच. पायरीच्या टोकांना उतरंड आहे का तेही बघा. औत एका पट्टीवरून दुसरीवर तिथूनच न्यायचे.

एक सावधगिरी. मध्ययुगीन नांगराने जुन्या बांधांची रेघ पुन्हा वापरल्याचीही शक्यता असते. त्यामुळे ‘मध्ययुगातल्या नांगरटीने आजच्या रूपाला आलेल्या’ हे शब्द सुरक्षित. त्याहून नेमका काळ फक्त उत्खननाने कळतो: साठणीच्या तळातली खापरं, आणि चॉकच्या मातीत टिकणारे गोगलगायींचे शंख. सावलीतल्या जाती आणि उघड्या गवतातल्या जाती वेगळ्या असतात, त्यावरून झाडी कधी तुटली आणि शेत कधी झालं हे थरांनुसार वाचता येतं.

डोंगराखालच्या चिकणमातीच्या पट्ट्यात सरी-वरंब्यासारखे लांब पट्टे दिसले तर ती वेगळी खूण. ते उलट्या ‘एस’सारखे किंचित वळलेले असतील तर बैलांच्या ताफ्याचे, कारण पट्टीचं टोक येण्याआधीच ताफा डावीकडे घ्यायला लागायचं. सरळसोट आणि अरुंद असतील तर बहुधा १८व्या-१९व्या शतकातले. आणि नदीकाठी असतील तर ते शेत नसेलही. वाइली आणि एव्हनच्या खोऱ्यांत १७व्या शतकापासून हिवाळ्यात कुरणावर पाणी खेळवत, म्हणजे गवत लवकर वर येई. तिथे वरंब्याच्या माथ्यावरून पाट जातो. माथ्यावर बारीक चर दिसला की समजा, हे कुरण आहे.

मोडीवाचक

नोंदी जुळत नाहीत कारण विल्टशायरमध्ये बिशपस्टोन दोन आहेत. दुसरं सॉल्झबरीजवळ एबल नदीच्या खोऱ्यात, पार दक्षिणेला. सूचीत शोधताना नावापुढे ‘स्विंडन’ किंवा जुन्या हंड्रेडचं नाव (आपल्या परगण्यासारखा विभाग) जोडा. काउंटीच्या छापील इतिहासमालेत, व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीत, उत्तरेचं गाव १२व्या खंडात रॅम्सबरी हंड्रेडखाली आहे आणि दक्षिणेचं ११व्या खंडात डाउन्टन हंड्रेडखाली. ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर ही माला वाचता येते. सुरुवात तिथूनच करा, कारण मूळ दस्तऐवजांचे क्रमांक तळटिपांत असतात आणि तेच घेऊन चिपनमला जायचं असतं.

दुसरा खड्डा शेजारच्या हद्दीचा. पूर्वेचं अ‍ॅशबरी आज ऑक्सफर्डशायरमध्ये आहे, पण १९७४पर्यंत ते बर्कशायरमध्ये होतं. वेलंड्स स्मिदी हे प्राचीन थडगं आणि अफिंग्टनचा डोंगरावर कोरलेला पांढरा घोडाही तसेच. तुमची वाट पूर्वेकडे गेली तर जुने कागद रेडिंगच्या बर्कशायर दप्तरखान्यात बघावे लागतील.

गावाच्या जमिनीसाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे टाइद नकाशा. १८३६च्या कायद्याने धान्याच्या रूपातला चर्चचा दशांश रोख रकमेत बदलला आणि त्यासाठी गावोगाव मोजणी झाली. नकाशावर फक्त क्रमांक असतो. सोबतच्या तक्त्यात त्या क्रमांकापुढे मालक, कसणारा, शेताचं नाव, काय पिकतं आणि क्षेत्र. सातबाऱ्याची सवय असलेल्याला हा तक्ता लगेच कळतो. प्रती तीन झाल्या: सरकारी प्रत आता लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, दुसरी बिशपच्या दप्तरातली, तिसरी गावची. विल्टशायरसाठी बिशपच्या दप्तरातली प्रत चिपनमला बघायला मिळते. मात्र जमिनींची वाटणी आधीच झाली असेल आणि तेव्हाच दशांश मिटवला असेल, तर टाइद नकाशा अर्धवट असतो किंवा नसतोच. मग एन्क्लोजरचा, म्हणजे त्या वाटणीचा, निवाडा मागा.

क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये असतं. ४० पर्च म्हणजे १ रूड, ४ रूड म्हणजे १ एकर. मराठी वाचकांसाठी पत्रिकेत गुंठ्यात द्या, हिशेब तंतोतंत बसतो: ४ पर्च बरोबर १ गुंठा, १ रूड बरोबर १० गुंठे. पर्च साडेसोळा फुटांचा चौरस आणि गुंठा ३३ फुटांचा, म्हणून. ‘१२ एकर २ रूड ८ पर्च’ म्हणजे १२ एकर २२ गुंठे.

शेतांची नावं वाचताना घाई नको. ‘लिंच’ असेल तर पायऱ्यांना दुजोरा. ‘कॉनिगर’ म्हणजे सशांचं राखीव रान. ‘ब्लॅकलँड’ असेल तर काळी माती, म्हणजे तिथे जुनी वस्ती असू शकते. पण ‘बॅरो’ फसवतं: ते टेकाड या अर्थाच्या जुन्या शब्दावरून येतं तसंच झाडीच्या शब्दावरूनही येतं. एकट्या नावावर थडगं उभं करू नका.

मग १७७३चा अँड्र्यूज आणि ड्युरीचा काउंटी नकाशा (मैलाला २ इंच) आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याची मैलाला २५ इंचांची पहिली आवृत्ती. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने सर्व्हे नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करता येते. तुमचा उंचवटा जुन्या नकाशावर ‘ट्युम्युलस’ (थडग्याचा उंचवटा) म्हणून आहे का, की तिथे पवनचक्की, खाण किंवा तळं आहे, हे १० मिनिटांत कळेल.

टेकाड

उंचवट्याबद्दल. आधी लायडार नीट बघा. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा १ मीटरचा डेटा मोफत मिळतो. डीटीएम घ्या, म्हणजे झाडं-घरं काढलेली जमीन. झाडं-घरं धरून केलेल्या डीएसएममध्ये झुडूपही उंचवटा वाटतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत उघडताना ब्रिटिश नॅशनल ग्रिड ही ब्रिटिश नकाशांची निर्देशांक पद्धत (क्रमांक २७७००) निवडा. हिलशेडमध्ये, म्हणजे उजेड-सावलीच्या चित्रात, उजेड आपोआप ३१५ अंशांवरून आणि ४५ अंश उंचीवरून येतो, आणि एवढ्या उंच उजेडात झिजलेली खूण पुसली जाते. उंची १५-२० अंशांवर आणा, दिशा बदलत किमान चार चित्रं काढा. उजेडाला समांतर असलेला बांध दिसतच नाही, म्हणून एका चित्रावर कधीच थांबू नये. गर्द झाडीखाली चित्रात सपाट त्रिकोणी तुकडे दिसले तर जमिनीपर्यंत किरण पोचलेले नाहीत; तिथला ‘उंचवटा’ संगणकाने भरून काढलेला असू शकतो.

मग आडवा छेद काढून व्यास, उंची आणि भोवतीचा चर मोजा. गोल बॅरोला बहुधा भोवती चर असतो, कारण माती तिथूनच काढलेली. तो बुजलेला असला तरी फिकट कडं राहतं. माथ्यावरचा खळगा जुन्या खोदाखोदीचा असू शकतो. १९व्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम कनिंग्टन आणि रिचर्ड कोल्ट होअर यांनी काउंटीत शेकडो बॅरो उघडले. स्टोनहेंजजवळचा बुश बॅरो १८०८मधला, त्यातलं सोन्याचं चौकटीच्या आकाराचं पान डिव्हायझेसच्या संग्रहालयात आहे. पण त्यांचा भर दक्षिणेकडे होता. उत्तरेतला प्रत्येक खळगा त्यांच्या नावावर घालू नका.

खळगा अधिक-चिन्हासारखा असेल तर ते पवनचक्कीचं जोतं. लाकडी चक्कीच्या खांबाखाली दोन आडव्या तुळया फुलीसारख्या टाकत आणि वर माती भरत. कधी कधी चक्कीसाठी आयता बॅरोच वापरलाय, तेव्हा दोन्ही खरं असतं. मधे बशीसारखा खोलगट भाग आणि भोवती बारीक कडं असेल तर गुरांच्या पाण्यासाठी केलेलं ड्यू पाँड. बुटका, लांबट, सपाट माथ्याचा असेल तर सशांसाठी केलेला ‘पिलो माउंड’. लाँग बॅरो, म्हणजे नवाश्मयुगातलं लांबट थडगं, म्हणून हा फार वेळा छापला जातो. लाँग बॅरोचं एक टोक रुंद आणि उंच असतं, आणि चर सहसा फक्त दोन लांब बाजूंना असतात. वेस्ट केनेटचा सुमारे १०० मीटर लांब आहे, इ.स.पू. ३६५०च्या आसपासचा.

जागेवर जायचं तर हिवाळ्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा दहिवर पडलेलं असताना. पीक असेल तर जून-जुलै: चॉकमध्ये खणलेला चर ओल धरतो, त्यावरचं पीक उंच आणि जास्त काळ हिरवं राहतं. सगळ्यात चांगलं सातूच्या पिकात दिसतं. स्टोनहेंजजवळचं वुडहेंज, म्हणजे लाकडी खांबांचं प्राचीन वर्तुळ, १९२५मध्ये विमानातून लक्षात आलं आणि खांबांचे खड्डे पुढे गव्हातल्या गडद ठिपक्यांनी उघड झाले. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यातली हवाई छायाचित्रं म्हणूनच आवर्जून शोधा.

शेवटी काउंटीच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डमध्ये, म्हणजे पुरातन जागांच्या सूचीत, नोंद आहे का ते बघा. नसेल तर व्यास, उंची, आठ आकडी ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या जागेचा क्रमांक, १० मीटरपर्यंत नेमका) आणि छायाचित्र त्यांना पाठवा. तोवर पत्रिकेत ‘गोल उंचवटा, काळ अनिश्चित’ एवढंच.

रानवाट

हे फार कामाचं. ‘कॉनिगर’ची सूचना विशेष. एक उपप्रश्न: वाटेलगतच्या नांगरलेल्या रानात खापरं पडलेली दिसतात. पत्रिकेत ‘वेचा आणि नोंदवा’ असं सुचवावं का? आणि पहिल्या ओळीत डोंगरकडेच्या रिजवे या वाटेला ‘५,००० वर्षांचा रस्ता’ म्हटलंय, ते चालेल?

खापरी

‘वेचा’ मुळीच लिहू नका. पायवाटेचा हक्क फक्त चालण्याचा असतो. रानात पडलेली वस्तू सर्वसाधारणपणे जमीनमालकाची. ‘पाहा, जागेवर छायाचित्र घ्या, ग्रिड संदर्भ टिपा’ एवढं पुरे. संरक्षित स्मारकावर १९७९च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर नेणं हा गुन्हा आहे. परवानगी न लागणाऱ्या पाहणीआधीसुद्धा नॅशनल हेरिटेज लिस्टवर (संरक्षित वारशाच्या सरकारी यादीत) जागा तपासा, संरक्षित हद्द उंचवट्याहून मोठी असू शकते.

मालकाची लेखी परवानगी घेऊन रीतसर वेचणी करायची असेल तर नांगरट होऊन दोन-चार पाऊस गेल्यावर करा, तोवर खापरं मातीने माखलेली असतात. २० मीटर अंतरावर समांतर दोऱ्या, प्रत्येक २० मीटरच्या टप्प्याला वेगळी पिशवी, पिशवीत आणि पिशवीवर दोन्हीकडे चिठ्ठी. प्रत्येकाने सारखाच वेळ द्यावा, नाहीतर ज्याची नजर तीक्ष्ण त्याच्या ओळीत ‘वस्ती’ निघते. सेव्हरनेकची रोमन काळातली करडी खापरं मऊ असतात, त्यांच्या मातीत जुन्या खापरांचा चुरा मिसळलेला असतो. ब्रशने घासली की कडा जातात, नुसत्या पाण्याने धुवा.

वाचतानाची नेहमीची चूक: चारी दिशांना विरळ पसरलेले, नखाएवढे, गोटा झालेले तुकडे म्हणजे वस्ती नव्हे. घरचा केर उकिरड्यावर, उकिरड्याचं खत रानात, त्यातून ते आलेले असतात. मोठे, धारदार कडांचे तुकडे एका जागी दाट मिळाले, सोबत कौल आणि जळके दगड असले, तरच वस्तीचा विचार करा.

नाणं किंवा धातूची वस्तू दिसली तर घासू नये. इंग्लंडमध्ये १९९६च्या ट्रेझर (गुप्तधन) कायद्यात एकच सुटं नाणं सहसा येत नाही. एकाच साठ्यातली ३०० वर्षांपूर्वीची सोन्या-चांदीची किमान २ नाणी, किंवा १० टक्क्यांपेक्षा कमी सोनं-चांदी असलेली किमान १०, तर मात्र येतात. वस्तू ट्रेझर असू शकते हे लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. काउंटीचा फाइंड्स लायझन ऑफिसर, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारा अधिकारी, ते काम मार्गी लावतो. साठा दिसला तर हात लावू नका, झाका आणि फोन करा. मार्लबराजवळच्या क्युनेटिओ या रोमन नगराच्या जागी १९७८मध्ये ५४,९५१ नाणी निघाली. अशा साठ्यात भांडं, थर आणि नाण्यांचा क्रम हाही पुरावाच असतो.

मोडीवाचक

वरच्यात एक भर: ३० जुलै २०२३पासून किमान २०० वर्षं जुनी, धातू असलेली आणि विशेष ऐतिहासिक महत्त्वाची वस्तूही ट्रेझर ठरू शकते, सोनं-चांदी नसली तरी. पत्रिकेत जुनी व्याख्या छापू नका.

बांधकरी

रिजवेचं वाक्य बदला. राष्ट्रीय पदमार्ग म्हणून तो १९७३मध्ये खुला झाला, ओव्हर्टन हिलपासून आयव्हिन्गो बीकनपर्यंत ८७ मैल. डोंगरकडेने ये-जा फार जुनी असणारच. पण ओव्हर्टन डाउनवर आजची वाट जुन्या शेतांच्या बांधांना छेदून जाते, म्हणजे तिथे शेतं आधीची आणि वाट नंतरची. ‘डोंगरकडेची प्राचीन वाट, आजची नेमकी रेघ काही ठिकाणी जुन्या शेतांहून अलीकडची’ असं लिहा, आणि शेजारी तो छेद दाखवणारं लायडारचं चित्र टाका.