सोप्रानो आणि पियानोचं रिसायटल पहिल्यांदाच ऐकणारे, लक्ष कुठे ठेवू?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी. आमच्या म्युझिक डिपार्टमेंटमध्ये पुढच्या आठवड्यात एक पाहुण्या सोप्रानो (बायकांच्या सगळ्यात उंच आवाजाची गायिका) आणि त्यांच्याबरोबर येणारे पियानिस्ट यांचं रिसायटल आहे. मी आत्तापर्यंत ऑपेरातले नावाजलेले तुकडेच ऐकलेत, तेही हेडफोनवर, म्हणजे मागे अख्खा ऑर्केस्ट्रा आणि समोर कथानक वगैरे. इथे तसलं काहीच नाही, दोन माणसं आणि एक पियानो, माइकसुद्धा नाही म्हणे. प्रोग्रॅममध्ये शूबर्टचं ते चरख्यावरच्या ग्रेटशेनचं गाणं आहे, शूमानची ‘फ्राउएनलीबं उंड लेबेन’ ही गाण्यांची मालिका पूर्ण, मग रखमानिनॉफचं व्होकॅलिज आणि शेवटी रिचर्ड स्ट्राउसचं ‘मॉर्गेन’. जर्मन मला अजिबात येत नाही. तर ऐकायचं कसं, आधी काही वाचून जाऊ का, आणि टाळ्या नक्की कधी वाजवायच्या?

काळी_दोन:
मस्त प्रोग्रॅम आहे, चुकवू नकोस. माझं एकच सांगणं, पियानो ऐक. बहुतेक जण पहिल्यांदा जातात तेव्हा गाणारीकडे बघत बसतात आणि पियानो म्हणजे मागे चाललेली साथ असं धरून चालतात, पण या गाण्यांमध्ये अर्धी गोष्ट पियानोच सांगत असतो, कधीकधी अर्ध्याहून जास्त.

ग्रेटशेनचंच बघ. शूबर्टने हे 1814 मध्ये लिहिलं तेव्हा तो फक्त 17 वर्षांचा होता, शब्द जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातले. मुलगी चरख्यावर बसलीये आणि प्रियकराच्या आठवणीने तिचा जीव थाऱ्यावर नाही. पियानिस्टचा उजवा हात सतत गरगर फिरत असतो, ते चाक, आणि डाव्या हातात पायाने चरखा हलवल्याचा ठेका. हे चाक थांबतच नाही. मग ती त्याचं एकेक आठवायला लागते, त्याची चाल, त्याचे डोळे, त्याचा हात, आवाज चढत जातो, आणि त्याच्या चुंबनापाशी आल्यावर पियानो एकदम थांबतो. चाक बंद. तिचा पाय थांबलाय हे तिने शब्दात कुठेही सांगितलेलं नाही, ते फक्त पियानोने सांगितलंय. त्यानंतर चाक पुन्हा सुरू करताना पियानिस्ट काय करतो ते कान देऊन ऐक, ते लगेच लागत नाही, जरासं फिरतं, अडखळतं, परत फिरतं, आणि मग हळूहळू लय सापडते. चांगल्या पियानिस्टची परीक्षा तिथेच होते असं मला वाटतं.

शूमानमध्ये तर याच्याही पुढची गोष्ट आहे. आठ गाणी आहेत, 1840 सालची, म्हणजे शूमानचं क्लाराशी लग्न झालं त्याच वर्षीची, आणि क्लारा स्वतः मोठी पियानिस्ट. एका बाईचं प्रेम, लग्न, मूल, आणि आठव्या गाण्यात नवरा गेलेला. त्या गाण्यात आवाज जवळजवळ बोलण्यावर येतो, सुरावट अशी उरतच नाही, आणि तो संपला की पियानो एकटाच पहिल्या गाण्याचं संगीत पुन्हा वाजवतो. गाणारी समोर उभीच असते, पण तिच्या वाट्याला आता एकही सूर नाही. म्हणून पहिलं गाणं नीट लक्षात ठेव, नाहीतर शेवटी काय परत आलं ते कळणारच नाही.

सूरवेडी:
काळी_दोन शी सहमत, पण आवाज मागे टाकू नका हो 🙂 ज्यांनी फक्त रेकॉर्डिंग ऐकलंय त्यांच्यासाठी माइकशिवायचा सोप्रानो आवाज हॉलमध्ये ऐकणं हीच मुळात वेगळी गोष्ट आहे. निळी_शाई, वरच्या सुरांवर शब्द कळले नाहीत तर उच्चार वाईट आहेत असं समजू नकोस. त्याला कारण आहे. आपल्याला ई, ऊ, आ वेगळे ऐकू येतात ते तोंड आणि घशाच्या पोकळीतल्या अनुनादामुळे, म्हणजे तिथे ठरावीक कंपनांना जोर मिळतो त्यामुळे, आणि ई चा सगळ्यात खालचा अनुनाद साधारण 300 हर्ट्झच्या आसपास असतो. सोप्रानोचा वरचा सा म्हणजे पियानोवरचा हाय सी जवळजवळ 1046 हर्ट्झ. मूळ सूरच एवढा वर गेल्यावर ई ला ई ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून गायिका जबडा उघडून तो अनुनाद सुराच्या जवळ आणते, आवाज भरून येतो आणि सगळे स्वर थोडे आ कडे झुकतात. हे शिकायला वर्षं जातात आणि चांगलं केलेलं असलं की ऐकताना कळतसुद्धा नाही.

व्होकॅलिज त्याच्यासाठीच छान आहे, त्यात शब्दच नाहीत, सूर बदलत जातात पण तोंडाने उच्चार पूर्ण गाणंभर एकाच स्वराचा. रखमानिनॉफने ते आंतोनिना नेझ्दानोवा या सोप्रानोला अर्पण केलंय. तिथे भाषेची काळजीच नको, फक्त श्वास कुठे घेतेय आणि सुरांची दोन वाक्यं कशी जोडतेय ते ऐक.

रात्रपाळी:
टाळ्यांचं सोप्पंय, प्रोग्रॅममध्ये गाणी गटागटाने छापलेली असतात, गट संपला की वाजवायच्या. शूमानची आठ गाणी म्हणजे एकच गट, मध्ये नाही. आणि शेवटच्या पियानोच्या भागात तर अजिबात नाही, गाणारी थांबली म्हणजे संपलं असं वाटून हमखास कोणीतरी सुरू करतं आणि सगळं वाया जातं. पियानिस्टचे हात खाली येईपर्यंत थांब. भाषांतर घरीच दोनदा वाचून जा, हॉलमध्ये कागदात डोकं घालून बसू नकोस, गाणारीचा चेहरा तिथेच बघायला मिळतो.

काळी_दोन:
रात्रपाळी +1. आणि ‘मॉर्गेन’ राहिलंच की. स्ट्राउसने 1894 मध्ये बायकोला, पाउलिनाला, लग्नाची भेट म्हणून दिलेल्या चार गाण्यांतलं हे एक, आणि ती स्वतः सोप्रानो होती. सुरुवातीला बराच वेळ पियानो एकटाच पूर्ण धून वाजवतो, आणि मग गाणारी येते ती ‘आणि उद्या’ असं म्हणत, बोलणं आधीपासून चालू असल्यासारखी. त्या शांत उभं राहण्यातही गाणं चालू असतं, ती तेव्हा काय करते ते बघ. साथीदार म्हणजे दुय्यम हा समज मोडायला जेराल्ड मूरसारख्या साथीच्या पियानिस्टनी आयुष्य घातलं. 1967 मध्ये लंडनला त्यांच्या निरोपाच्या मैफलीत श्वार्त्सकोप्फ, दे लोस आन्हेलेस आणि फिशर-डीस्काउ असे तिघं गायले, आणि शेवटी मूर यांनी शूबर्टचं ‘आन दी म्युझिक’ एकट्याने पियानोवर वाजवलं.

निळी_शाई:
बाप रे, एवढं सगळं! खूप खूप थँक्स सगळ्यांना. आज बसून शूमानचे शब्द वाचते. अजून एक, सीट नंबर नाहीयेत, आधी येईल तो बसेल असंय, तर कुठे बसू?

सूरवेडी:
पियानिस्टचे हात बघायचे असतील तर प्रेक्षकांतून डावीकडे, कीबोर्ड त्या बाजूला असतो. पण अगदी कडेला नको, आवाजातली वरची कंपनं सरळ पुढे जातात, कडेला बसलं की आवाज बोथट लागतो. पहिली रांगही सोड, तिथे पियानो फार अंगावर येतो. मधल्या रांगा, मध्यापासून थोडं डावीकडे. लवकर जा म्हणजे मिळेल, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मास्टरक्लास (सगळ्यांसमोर विद्यार्थ्यांना शिकवणं) आहे का ते डिपार्टमेंटमध्ये विचारून ठेव, पाहुणे कलाकार बऱ्याचदा घेतात आणि ऐकायला बसू देतात.