ॲक्शन कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघवत नाहीत, चूक कॅमेऱ्याची की माझी?

चिखलवाट:
मंडळी एक शंका आहे, जरा मोठी आहे, सांभाळून घ्या. डोंगरउतारावर माउंटन बाइक चालवतो, अधूनमधून कयाक (वल्ह्याची अरुंद नाव). वर्षभरापूर्वी ॲक्शन कॅमेरा घेतला, हेल्मेटवर चिकटवून वापरतोय. पण जिथे ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली, तोच उतार व्हिडिओत बघावा तर अगदी सपाट, घरचे म्हणाले यात घाबरण्यासारखं काय होतं. दुसरं म्हणजे उन्हात चित्र मस्त स्थिर येतं आणि झाडीत शिरलो की विचित्र थरथरायला लागतं, स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करायची सोय) फुल ठेवलंय तरी. बॅटरी तर ऐन मोक्याच्या वेळी मान टाकतेच. नवीन मॉडेल घ्यावं का?

गियरतुटका:
घेऊ नकोस. पैसे टायरला ठेव.

उतार सपाट दिसणं हे सगळ्यांचंच दुखणं आहे. वाइड लेन्समध्ये जवळचं लांब पळतं आणि हेल्मेटवरून बघताना चौकटीत आपलं असं काहीच नसतं, नुसती वाट. छातीवर लाव. हँडल, हात, पुढच्या चाकाचा फोर्क खालीवर होताना दिसला की बघणाऱ्याला पोटात गोळा येतो, कारण धक्का कुठे बसतोय ते त्याला कळतं. होरायझन लेव्हलिंग (क्षितिज कायम आडवं ठेवणारी सोय) चालू असेल तर तेही बंद कर, वळणावर सायकल झुकते ती मजाच ते खाऊन टाकतं.

आता झाडीतली थरथर. दोष स्टॅबिलायझेशनचा नाही, शटरचा आहे. उजेड कमी झाला की ऑटोवरचा कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तेवढ्यात दगडावरून धक्का बसला की ती फ्रेम जागच्या जागी फरफटते. स्टॅबिलायझेशन नंतर फ्रेम सरळ करून जागेवर बसवेल, पण आत भिनलेला ब्लर, म्हणजे पुसटपणा, कसा काढणार? म्हणून चित्र जागेवर आणि तरी मध्येच पुसट, मध्येच स्पष्ट, असं धडधडल्यासारखं दिसतं. शटर १/२४० सेकंदाच्या आसपास लॉक कर, आयएसओची (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वरची मर्यादा १६०० पर्यंत जाऊ दे. दाणे येतील, येऊ देत, दाणेदार चालतं, धडधडणारं डोकं दुखवतं. आणि कुणाचं ऐकून एनडी फिल्टर (लेन्सवरची गडद काच) लावला असशील तर झाडीत तो आधी काढ, तो आणखी उजेड खातो.

वल्हेवाला:
कयाकसाठी माझी रडकथा ऐक. निघायच्या अर्धा तास आधी नावेच्या टोकाला नवा चिकटमाउंट दाबून बसवला. त्या डिंकाला पूर्ण पकड यायला साधारण २४ तास लागतात, पृष्ठभाग कोरडा आणि पुसलेला पाहिजे, हे पाकिटावर छापलेलं होतं. मी पाकीट फेकून दिलेलं. पहिल्याच लाटेत माउंटसकट कॅमेरा गेला, बुडताना लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे स्वतःचा शेवट रेकॉर्ड करत गेला बिचारा.

गोप्रो कंपनीचे बहुतेक कॅमेरे २०१६ च्या हिरो ५ पासून केसशिवाय १० मीटरपर्यंत पाणी सोसतात, पण तरंगत नाहीत. तरंगता दांडा लाव आणि वेगळी दोरी बांधच. बॅटरीच्या झाकणाच्या रबरावर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं, दर वेळी बोट फिरवून बघ. खाऱ्या पाण्यातून आलास की गोड्या पाण्याने धू. लेन्सवर थेंब बसून राहत असतील तर सरळ चाटायची लेन्स. हसू नका, सर्फिंगवाले हेच करतात, थुंकीने पाण्याचे थेंब न बनता पातळ थर पसरतो.

बर्फाळ_बूट:
बॅटरीचं मी सांगतो. थंडीत लिथियम बॅटरी लवकर बसते, जास्तीची असेल ती अंगाला लागून आतल्या खिशात ठेवायची. वायफाय आणि जीपीएस बंद. आणि आख्खी राइड रेकॉर्ड करायचा हव्यास सोड. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी होतात, ते बघणार कोण? कार्ड व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) घे, फॉरमॅट कॅमेऱ्यातच कर. बटण दाबायच्या आधीचे १५ किंवा ३० सेकंद वाचवायची सोय २०२० च्या हिरो ९ मध्ये आली, फार कामाची, फक्त तेव्हा कॅमेरा सतत जागा असतो म्हणून बॅटरी जाते.

गियरतुटकाशी एका बाबतीत सहमत नाही, फुल फेस (हनुवटीही झाकणारं) हेल्मेट असेल तर हनुवटीवरचा माउंट छातीपेक्षा भारी, नजर जिथे तिथे कॅमेरा. हेल्मेटच्या डोक्यावर मात्र नकोच, फांदीत अडकला तर मान पिरगळेल. स्कायडायव्हिंगमध्ये तर अमेरिकेची यूएसपीए ही संघटना २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा लावू नका म्हणते, कारण एक तर तो अडकतो, दुसरं म्हणजे लक्ष तिकडे जातं.

चिखलवाट:
सगळ्यांचे आभार. नवीन मॉडेल रद्द. काल छातीवर लावून १/२४० ला गेलो, झाडीतली धडधड खरंच गेली. पण पहिली दहा मिनिटं नुसता हँडलचा मधला नट आणि माझे गुडघे आलेत, आणि आवाजात फक्त धाप.

गियरतुटका:
वाकलास की छाती खाली बघते ना. कॅमेरा उलटा लाव म्हणजे वरच्या बाजूला जास्त वळवता येतो, चित्र तो आपोआप सरळ करतो. सायकलवर बसून, राइडला वाकतोस तसा वाकून, मोबाइलवर प्रिव्ह्यू बघ आणि मगच स्क्रू आवळ. धाप राहू दे, घरच्यांना ऐकव.