मदत हवी आहे : ताई विधानसभेला अपक्ष उभी राहणार, नोकरी कधी सोडावी?

माझी ताई 22 वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. पुढच्या विधानसभेला अपक्ष उभं राहायचं तिने पक्कं केलंय. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलाय तिने. परिचारिकांची रिकामी पदं हा तिचा पहिला मुद्दा, आणि मला तो मनापासून पटतो.

अर्जाचं बरंचसं कळलंय. अपक्षाला मतदारसंघातलेच 10 सूचक (उमेदवारी अर्जावर सही करणारे मतदार) लागतात, 10,000 रुपये अनामत, नमुना 26 चं शपथपत्र (मालमत्ता, गुन्हे वगैरेंची माहिती), खर्चासाठी वेगळं बँक खातं. एवढं जमेल.

अडलंय नोकरीवर. सरकारी सेवेत राहून उभं राहता येत नाही. नुसता राजीनामा देऊनही भागत नाही, उमेदवारी अर्जाच्या छाननीआधी तो मंजूर व्हावा लागतो. शिवाय राजीनाम्याने आधीची सेवा बुडते, म्हणजे पेन्शनही गेली. पेन्शन टिकवायला स्वेच्छानिवृत्ती घ्यावी तर तीन महिन्यांची नोटीस, आणि निवडणुकीची तारीख तर इतकी आधी जाहीरच होत नाही! घरात दोन मुलं शिकतायत, त्यामुळे पेन्शनवर पाणी सोडायला सांगवत नाही.

आरोग्य खात्यातून असं कुणी बाहेर पडलंय का? नोटीस नेमकी कधी दिलीत? मंजुरीचं पत्र हातात यायला किती दिवस लागले?