शहरात मजा किती, हे मोजायचं कसं?

2018 मध्ये केंद्र सरकारच्या ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ म्हणजे राहायला सोयीच्या शहरांच्या यादीत 111 शहरांत पुणे पहिलं आलं. तब्बल 78 निकष लावले होते. मी तेव्हा पुण्यातच राहत होते, पण ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरायचं नाही. आता राहायला कोल्हापूर की नाशिक, हे ठरवायचंय. तुम्ही काय बघता?

> ताई, रात्री साडेनऊला आमच्या कोल्हापुरात रंकाळा तलावावर या. कठड्यावर आजोबा पाय सोडून बसलेले, पोरं भेळेचा कागद चाटतायत, कुणालाच घरी जायची घाई नाही. खिशात पन्नास रुपये असताना संध्याकाळ कशी जाते, मी एवढंच मोजतो. खासबागेत कुस्त्या असल्या तर मग विचारूच नका!

> मी नाशिकची. रात्रीचा शो एकटीनं बघून रिक्षानं निर्धास्त घरी येता येतं का, हे आधी बघा. आणि बाजारात बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? नसेल तर पाणीसुद्धा जपून प्यावं लागतं, मग कसली मजा?

अगदी माझ्या मनातलं बोललात. पुढच्या शनिवारी सासूबाईंना घेऊन आधी रंकाळ्यावर जाते, मग नाशिकला येते.