रात्रीच्या कबड्डीसाठी कॅमेऱ्याची बॉडी बदलू का लेन्स?

अमळनेरकर: भो, कॅनन २०० डी कॅमेरा आणि ५५-२५० ची झूम लेन्स आहे, दिवसा कुस्तीच्या दंगलीत फोटो मस्त येता पण रात्री कबड्डीचे सगळे हललेले, काय घेऊ?

तापीकाठ: आधी लेन्स. ५५-२५० फुल झूमला एफ ५.६ वर जाते (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), ७०-२०० एफ २.८ चौपट उजेड घेते, म्हणजे शटर १/२५० सेकंदाच्या जागी १/१००० मिळतो, फोटो कमी हलतो ना भो. वापरलेली घेशील तर टॉर्च मारून काचेत आत बुरशी आहे का पाहून घे.

धुळेकर: एवढा खर्च कशाला, मैदानच १३ बाय १० मीटरचं, रेषेजवळ बसला तर ८५ एफ १.८ ची बिनझूम लेन्स पुरते.. कुस्तीला मात्र झूमच, गर्दी पुढे सरकू देत नाही

अमळनेरकर: आणि अर्धा फोटो पिवळा येतो तो?

तापीकाठ: लाइट लुकलुकता ते, मेनूत अँटी-फ्लिकर (लुकलुकीचा परिणाम टाळणारं सेटिंग) असेल तर चालू कर