मदत हवी आहे: मामांच्या जुन्या नकाशाचं साल कसं ठरवायचं? (मिशिगन, अप्पर पेनिन्सुला)

नमस्कार मंडळी,

माझे मामा १९७० च्या दशकात अमेरिकेत, मिशिगनच्या पार उत्तरेला हॉटन गावी शिकायला होते. गेल्या वर्षी ते गेले. सांगलीच्या घरी त्यांची ट्रंक आवरताना अप्पर पेनिन्सुलाचा (मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा) एक घडीचा रस्त्यांचा नकाशा निघाला. तिथल्या जुन्या बाजारात घेतला होता, असं मामी सांगतात. खालचा उजवा कोपरा फाटलाय, त्यामुळे साल, छापणाऱ्याचं नाव, खुणांची सूची काहीच उरलेलं नाही. हॉटनपासून कॉपर हार्बरपर्यंत मामांनी पेन्सिलीने रेघ ओढलीय आणि वाटेतल्या फिनिक्स गावापाशी बारीक अक्षरात लिहिलंय, 'इथे बर्फ फार'.

मामींना तो फ्रेम करून खाली साल लिहायचंय. चुकीचं साल मला लिहायचं नाही. माझा तर्क असा:

आइल रॉयल बेटाला कीविनॉ काउंटीचाच (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) रंग आहे. १८७५ ते १८९७ या बेटाची वेगळी काउंटी होती, ती मोडून कीविनॉत घातली. म्हणजे नकाशा १८९७ नंतरचा. हमरस्त्यावर ढालीच्या चिन्हात ४१ छापलंय आणि हमरस्त्यांचे देशव्यापी यू.एस. क्रमांक १९२६ मध्ये आले. मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत पूल नाही, फक्त फेरीबोटीची तुटक रेघ आहे. पूल १ नोव्हेंबर १९५७ ला खुला झाला. आणि कॉपर हार्बरच्या डोंगरमाथ्यावरचा ब्रॉकवे माउंटन ड्राइव्ह कुठे दिसत नाही. त्याचं काम १९३३ मध्ये, बेकार झालेल्या खाणकामगारांना रोजगार म्हणून सुरू झालं होतं.

मग १९२६ ते १९३३ धरू का? आणि घडीवर चिरा पडल्यात, त्यांचं काय करू?

प्रतिसाद

तर्क चांगला आहे, पण ब्रॉकवेवर फार विसंबू नका. एखादा रस्ता नकाशावर नाही म्हणजे तो तेव्हा नव्हताच, असं होत नाही. लहान मापाच्या नकाशात असे रस्ते सहज गळतात. त्यापेक्षा बेटावर 'नॅशनल पार्क' छापलंय का ते भिंगातून बघा. आइल रॉयल १९४० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं.

बारीक रस्त्यांवरून वर्ष काढायला जाऊ नका. १९३१ च्या मॅकनिट कायद्याने टाउनशिपचे (काउंटीतल्या छोट्या स्थानिक विभागांचे) सगळे रस्ते टप्प्याटप्प्याने काउंटीकडे गेले, पण त्याने बदलली ती देखभाल, रस्ता जागचा हलला नाही. कुठला रस्ता कुणाकडे होता, हे सूचीशिवाय कळायचं नाही.

चिरांना सेलोटेप मुळीच लावू नका, लॅमिनेशनही नको. टेपचा डिंक पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. कागद-संवर्धन करणाऱ्याकडून मागून जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) लावून घ्या. पेन्सिल खोडू देऊ नका, हे आधीच बजावा. मामांनी लिहिलंय ते अगदी खरं आहे: कीविनॉत १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडलं होतं.

धागाकर्ता

भिंगातून पाहिलं, बेटावर फक्त 'आइल रॉयल' आहे. मग 'अंदाजे १९२६ ते १९४०' असंच लिहितो. मामींना चाललं. त्यांचं म्हणणं एवढंच, की फ्रेमच्या पट्टीखाली फिनिक्स झाकलं जाता कामा नये.